तैवानमध्ये उपाशी राहण्याचा प्रयत्न

मी तैवानला पहिल्यांदा गेले ती तिथे जेवायचं नाही असं ठरवूनच. उपास नव्हता, पथ्य नव्हतं. लेकीच्या सासरचा घास तोंडात घालायचा नाही, आणि का घालत नाही ते सगळ्यांना कळलं पाहिजे, एवढाच बेत होता. त्यांच्या विमानतळावर छोटे कुत्रे प्रवाशांचं सामान हुंगत फिरतात. त्यांनी सामानाबरोबर माझं डोकंही हुंगलं असतं तर मला तिथूनच परत पाठवलं असतं, आणि सगळ्यांचंच भलं झालं असतं.

हे आत्ता उकरून काढायचं कारण म्हणजे सध्या आमच्या सिडनीच्या गिरावीनमध्ये जो उठतो तो तैवानला निघतो. जपान झालं, व्हिएतनाम झालं, बाली तर कोपऱ्यावरच्या पार्कात जावं तसं झालं. आता तैवान. माझी लेक तिथे राहते हे सगळ्यांना ठाऊक. त्यामुळे गणपतीच्या आरतीला गेले तरी प्रसाद हातावर पडायच्या आत कोणीतरी कोपर पकडतं. "काकू, तिकडे व्हेज मिळतं का हो?" "काकू, लोक फ्रेंडली आहेत का?" "काकू, दोन-चार टिप्स व्हॉट्सॅप करा ना प्लीज, वेळ मिळेल तेव्हा, नो वरीज." वेळ मला भरपूर आहे. इच्छा नाही. कित्येकींना तोंडी सांगून पाहिलं, त्या ऐकता ऐकता फोनमध्ये डोकं घालतात आणि शेवटी विचारतात, "म्हणजे व्हेज मिळतं ना?" तेव्हा एकदाच लिहून टाकते. पटलं नाही तर खुशाल बालीला जा.

आपल्या इथल्या जून-जुलैच्या शाळेच्या सुट्टीत जाऊ नका. सिडनीत हीटर लावून बसलेली माणसं तिकडे उतरतात आणि तासाभरात भज्यासारखी तळून निघतात. त्यानंतरही वादळांचा हंगाम असतो. नोव्हेंबर उजाडू द्या. मटणाचं, चिकनचं काही नेऊ नका, फळं नेऊ नका, बिया नेऊ नका. ऑस्ट्रेलियात राहून ज्यांना हे सांगावं लागतं त्यांनी खरं तर घरीच बसावं. ताइपेच्या मेट्रोत पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचा नसतो, दंड होतो. "मूल लहान आहे हो, भूक लागली त्याला" हे तिथल्या माणसाला ऐकवू नका. त्यांनाही मुलं आहेत, ती गप्प बसतात. आणि हो, व्हेज मिळतं! उलट्या स्वस्तिकाची पाटी दिसली की बिनधास्त आत शिरा, तिथे बहुतेक ठिकाणी कांदा-लसूणही नसतो. आत गेल्यावर मात्र "जरा तिखट चटणी नाही का" म्हणून त्यांच्या मागे लागू नका. संध्याकाळी गाण्याची धून वाजवत एखादी गाडी आली तर आइस्क्रीमची समजून धावू नका. कचऱ्याची असते. मी हातात पर्स घेऊन धावले होते, आणि जावई मागून कचऱ्याची पिशवी घेऊन.

एवढं इंटरनेटवरही मिळेल. जे मिळणार नाही ते आता सांगते. तिथे कोणी घरी बोलावलं तर मुकाट्याने जेवा. नाही म्हणायची हुशारी करू नका. केलीत तर काय होतं, ते माझ्याइतकं कोणाला माहीत नाही.

माझा मुलगा इथे शिकायला आला, पीआर घेऊन गिरावीनला स्थिरावला, आणि नवरा गेल्यावर मलाही डोंबिवलीहून उचलून घेऊन आला. मुलगी अॅडलेडला मॉसन लेक्सच्या युनीत. तिला शिकायला पाठवलं होतं. ती डिग्री घेऊन आली आणि बरोबर एक तैवानी मुलगाही. मुलगा चांगला होता. मला चांगला नको होता, मला आपला हवा होता. लग्न अॅडलेडच्या ऑफिसात सह्या करून झालं. त्या दिवशीचे माझे फोटो पाहिले तर कोणालाही वाटेल मी साक्षीदार म्हणून नाही, तक्रारदार म्हणून आले होते. पुढे त्याला त्याच्या गावी, तैनानला, चिप बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी मिळाली आणि दोघं तिकडे गेली. त्याच्या आईवडिलांबरोबर राहायला लागली. आणि मग लेकीला दिवस गेले.

पहिलं बाळंतपण माहेरी. यात चर्चेला जागाच नाही, असं मला तेव्हा वाटत होतं. मुलाच्या घरातली मागची खोली मी रिकामी केली, पडदे धुतले, हॅरिस पार्कच्या भारतीय दुकानातून डिंक, अळीव, खारका आणून डबे भरले. लेकीला विचारलं का? छे. तिचं सिडनीचं तिकीट मुलाकडून काढून घेतलं आणि तिला आणायला निघाले. साठीला टेकलेली, केस ताजे रंगवलेली, पंजाबी ड्रेसखाली पांढरे स्पोर्ट्स शूज घातलेली ही बाई नऊ तास विमानात बसून भांडणाची वाक्यं पाठ करत होती. शेजारच्या माणसाने हसून "हॉलिडे?" असं विचारलं. मी म्हटलं, "नो." त्याने हेडफोन लावले.

माझ्या लेकीचं सासर म्हणजे खाली शाळेच्या गणवेशाचं दुकान आणि वर घर. पोचले तेव्हा दुकानाच्या मागच्या खोलीत गोल टेबल मांडलेलं. अख्खा वाफवलेला मासा, भोपळ्याच्या शेवया, कसलंसं पांढरं सूप, हिरव्या भाज्या, कापलेला पेरू. विहीण माझ्याहून ठेंगणी, केस बारीक कापलेले, गळ्यात शिंप्याची टेप तशीच लटकलेली. तिने दोन्ही हातांनी माझ्या हातात वाटी ठेवली. मी ती खाली ठेवली आणि लेकीला मराठीत म्हणाले, "यांना सांग, आमच्यात मुलीला मूल होईपर्यंत आई तिच्या घरी जेवत नाही."

"आई, हे काय नवीन?"

"नवीन नाही, जुनं आहे."

"आजी तुझ्याकडे येऊन मटण खायची की. मी पाहिलंय."

"ते तू झाल्यावर."

"दादाच्या वेळचा फोटो आहे आई. तुझं पोट दिसतंय त्यात. आजीच्या हातात नळी आहे."

नळी होती, खरंय. माझी आई माझ्या लग्नानंतर पंधरवड्यातच येऊन ओरपून गेली होती आणि मीठ कमी आहे असंही म्हणाली होती. ही रीत कुठल्या कुठल्या घरांत होती, आमच्यात कोणी पाळल्याचं मला आठवत नाही. मला एक हत्यार हवं होतं, ते मी जुन्या सामानातून काढलं. एवढंच.

"मी हे ट्रान्सलेट करणार नाही," लेक म्हणाली.

"नको करूस. मला येतं." आणि मी फोन काढला. तिकडे जाताना भाषांतर करणारं अॅप फोनमध्ये जरूर घेऊन जा. भांडायला फार सोयीचं पडतं. मी इंग्रजीत बोलले, फोन तिच्या भाषेत बोलला. तिचं उत्तर तो मला इंग्रजीत ऐकवायचा, इथे मी मराठीत सांगते.

विहिणीने ऐकलं. पुन्हा लावायला सांगितलं, पुन्हा ऐकलं. चेहरा पडेल, डोळ्यांत पाणी येईल, निदान भुवई तरी उडेल म्हणून मी वाट बघत होते. काही नाही. आज बँक बंद आहे असं कोणी सांगावं तशी तिने मान हलवली आणि चौकशी सुरू केली.

"पाणी चालतं?"

"नाही."

"फळ?"

"तेही नाही."

"घर कुठपर्यंत धरायचं?"

हा प्रश्न मी पाठ केला नव्हता. मला वाटलं, उठून तरातरा बाहेर जावं, कोपऱ्यावरच्या दुकानातला पाव आणून रस्त्यावर उभं राहून खावा, म्हणजे यांना चांगलं झोंबेल. म्हणून मी तोऱ्यात म्हणाले, "शटरपर्यंत. शटरच्या बाहेर चालतं."

"मग सोपं आहे," ती म्हणाली, टेप गळ्यातून काढली, आणि टेबलाच्या एका कडेला हात घातला. दुसरी कड व्याह्यांनी धरली.

तिथल्या जुन्या घरांना पुढे छप्पर असलेला ओटा असतो, तिथून लोकांची ये-जा चालते आणि स्कूटर्सही तिथेच लावतात. विहिणीने दोन स्कूटर्स ढकलून जागा केली. टेबल आलं, मासा आला, सूप आलं. जावयाने प्लॅस्टिकची स्टुलं आणली, मग वायर ओढून पंखा आणला. मला वाटलं, मला एकटीला बाहेर बसवून ही मंडळी आत जेवणार. तसं केलं असतं तर मी जिंकले असते! पण नाही. पाहुणीला एकटं जेवू द्यायचं नाही म्हणून सगळं घर बाहेर येऊन बसलं. सुजलेल्या पायांची माझी लेकसुद्धा, कपाळाचा घाम पुसत, स्कूटरच्या सायलेन्सरशेजारी.

आता जेवायला नाही म्हणायला माझ्याकडे काही कारणच उरलं नव्हतं. मी जेवले. तैनानच्या जेवणात साखर असते, हे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं; माशातही असते. त्या दिवशी मात्र मला सगळंच कडू लागलं.

असं पुढचे सगळे दिवस, दोन्ही वेळा. गल्लीला बातमी लागायला कितीसा वेळ लागतो? पलीकडची चष्म्याच्या दुकानातली बाई वाटी घेऊन आली: माझ्या घरचं तर चालतं ना? चालत होतं, माझाच नियम. मागून कोणी केक आणला, कोणी कमळाच्या देठाचे तुकडे. लेकीच्या घरचं न खाणारी बाई म्हणून अख्ख्या आळीने मला खाऊ घातलं. एकदा एक स्कूटरवाला थांबला, हेल्मेटची काच वर केली, आमच्या सुपाकडे बघून त्याने काहीतरी विचारलं. सगळे खदाखदा हसले.

"काय म्हणाला तो?" मी विचारलं.

"वाटी केवढ्याला, विचारतोय," लेक म्हणाली. ती हसत नव्हती.

विहिणीला यात काहीच वावगं कसं वाटत नाही, हा प्रश्न मला खात होता. मग वर लेकीच्या खोलीत गेले तेव्हा वाटलं, उत्तर सापडलं. भिंतीवर लावायचं घड्याळ खालीच टेकवून ठेवलेलं. घरात गरोदर बाई असताना खिळा ठोकायचा नाही. पलंग हलवायचा नाही. पलंगावर कात्री ठेवायची नाही, आणि हे कपडे शिवणाऱ्यांच्या घरात! स्वतःच एवढे नियम सांभाळणाऱ्या बाईला माझा एक नियम जड तो काय होणार? मला वाटलं होतं मी दगड भिरकावलाय. तिने तो झेलून इतर दगडांच्या ओळीत नीट मांडून ठेवला.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी मुद्द्यावर आले. ओट्यावरच, सूप पुढ्यात. फोन टेबलाच्या मधोमध ठेवला आणि म्हणाले, "बाळंतपणाला मी हिला सिडनीला नेणार. आमच्यात पहिलं बाळंतपण आईकडे असतं."

विहीण म्हणाली, "आमच्यात सासूकडे. महिनाभर मी बघेन. सगळं आणून ठेवलंय. जुनं आलं, तिळाचं तेल, तांदळाची दारू. त्यात कोंबडी शिजवायची."

"दारू? बाळंतिणीला?"

"शिजताना उडून जाते. तुम्ही काय देता?"

"डिंकाचे लाडू. झाडाचा डिंक, तुपात तळून."

तिने ते पुन्हा ऐकलं. "झाडाचा चीक? ताज्या बाळंतिणीला?"

"दारूपेक्षा बरा."

"गार पाणी?" तिने विचारलं.

"गार पाणी अजिबात नाही."

"वारा?"

"कानाला फडकं, खिडक्या बंद."

"केस?"

"केसांचं काय? रोज अंगाला तेल चोळून कढत पाण्याने आंघोळ, मग शेक, मग धुरी."

"आंघोळ?" ती स्टुलावरून उठलीच. "महिन्याच्या आत? केस ओले करणार? म्हातारपणी डोकं धरून बसेल ती!"

"आमच्याकडच्या सगळ्या म्हाताऱ्या ठणठणीत आहेत. मी समोर बसलेय."

"म्हणून तर म्हणतेय," असं फोन म्हणाला. भाषांतर चुकलं असेल. मला वाटत नाही चुकलं असेल.

व्याही माशाचे काटे काढत होते. जावई आईकडे बघेना, माझ्याकडे बघेना, वाट्या गोळा करायला लागला. लेक म्हणाली, "मला कोणी विचारणार आहे का?" आम्ही दोघींनीही ऐकलं नाही. उलट मी पर्समधून छापलेलं तिकीट काढून टेबलावर ठेवलं, पेरूच्या बशीशेजारी. "उद्या माझ्याबरोबर. सीटही शेजारची घेतलीय."

फोनला त्याचं भाषांतर करावं लागलं नाही. विहिणीने तिकीट पाहिलं आणि पहिल्यांदाच तिचा चेहरा पडला. इतके दिवस ज्याची वाट पाहिली ते एकदाचं दिसलं, आणि ते बघून मला बरं वाटलं. हे मी आज लिहितेय, कारण तेव्हा मी जी बाई होते तिची बाजू आज मी घ्यावी असं तिच्यात काही नव्हतं. मूर्ख होती असं म्हणून सोडून देता येत नाही. चांगली खाष्ट होती.

लेक उठली. "सकाळी सांगते," म्हणाली आणि कठड्याला धरून जिना चढून गेली. एका पायरीवर थांबली, तेव्हा मी आणि विहीण दोघीही एकदम उठलो. वर तिच्या मागे जावई गेला.

मला खात्री होती ती येणार. आई आली की मुलगी निघते, माझ्या वेळी असंच होतं. मी बॅग भरली, तिच्या बाळाच्या कपड्यांसाठी बॅगेत जागा ठेवली.

सकाळी खाली आले तर ओट्यावर टेबल मांडलेलं, भाताची पेज, वर शेंगदाणे. विहीण आत दुकानात कोणा पोराच्या विजारीची लांबी मोजत होती, बाहेर आली नाही. व्याहीही नाहीत. जावई टॅक्सी बघायला कोपऱ्यावर गेलेला. लेक एकटीच समोर बसलेली, पायात घरातल्या सपाता. सपाता पाहिल्या तेव्हाच मला कळायला हवं होतं.

"बॅग कुठाय तुझी?" मी विचारलं.

तिने तिकीट माझ्या वाटीशेजारी ठेवलं. रागावली असती तर मी तिला गुंडाळलं असतं. रागावलेल्या माणसांना गुंडाळायची मला सवय आहे. तिचा आवाज अगदी साधा होता. टॅक्सी कोपऱ्यावरून वळताना दिसत होती.

"आई, मी येत नाहीये. आणि तुला माहितीये, ह्याच्या मम्मींना तुझ्या त्या नियमाचं काहीच का वाटलं नाही? लग्नाआधी हा गिरावीनला तुला भेटायला आला होता. सकाळी आला, अख्खी दुपार बसला, तू त्याला पाणीसुद्धा विचारलं नाहीस. त्याच्या आईने फोनवर विचारलं, सासूबाईंनी काय खायला घातलं? तर तो म्हणाला, ममा, त्यांच्याकडे लग्न होईपर्यंत जावयाला खायला द्यायची पद्धत नसते."